भिंतीवरचे पातेले

रज्जाकभाई,

बुधवारी सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून तुमचे नाव ऐकू आले तेव्हा मी आरशासमोर दाढी करत होतो. आधी तुमचे नाव, मग तुमच्या वडिलांचे, मग आपल्या गल्लीचे, आणि शेवटी दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन होईल ही सूचना. माझा हात गालावरच थांबला. त्या थांबलेल्या हातासरशी मनात जो पहिला विचार आला तो असा: नव्वद दिवस. प्रतिवादी मयत झाल्यास त्याचे वारस नव्वद दिवसांच्या आत रेकॉर्डवर आणावे लागतात. न आणल्यास त्याच्याविरुद्धचा दावा आपोआप संपुष्टात येतो. मध्ये दिवाळीची सुट्टी येते, पुढे नाताळची येते, हेही मी त्याच क्षणी विचारात घेतले. मग साबण वाळून गाल ओढू लागला, आणि तेव्हा कुठे तुम्ही गेलात हे मला समजले.

साक्षीदाराने घटनांचा क्रम बदलू नये, असे मी उभ्या आयुष्यात कितीतरी लोकांना बजावले आहे. म्हणून क्रम बदललेला नाही.

हा मजकूर मी संपादकांकडे पाठवतो आहे. माझी पत्रे ते तक्रारींच्या रकान्यात छापतात. हे पत्र तिथे छापू नये, कारण यात तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो इसम एकच आहे.

तुम्हाला सांगण्याची गरज नाही, परंतु वाचणाऱ्यांना सांगितले पाहिजे. लातुरातल्या एका अरुंद गल्लीत आपली दोन घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तुमचा गाद्यांचा व्यापार, वडिलांच्या पिंजणकामातून वाढवलेला; माझी दिवाणी न्यायालयातली नोकरी, जिच्यातून मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कायद्याची पदवी घेतली, सनद मात्र कधी घेतली नाही. तुम्ही मला पहिल्या वर्षापासून 'दफासाब' म्हणत आलात, कारण बोलताना मी कलमांचे क्रमांक सांगतो आणि तुमच्याकडे कलमाला दफा म्हणतात. पाहता पाहता सगळी गल्ली तेच म्हणू लागली. मी त्याविरुद्ध कधी पत्र लिहिले नाही. एवढी एकच गोष्ट असेल.

बाकी सगळ्याविरुद्ध लिहिले. नळाला पाणी न येणे, आल्यावर रस्त्यावर वाहून जाणे, चौकातले फलक, शिकवणीच्या इमारतींसमोर आडव्यातिडव्या लागणाऱ्या सायकली, सकाळच्या पहिल्या तासाच्या घंटा. आणि तुम्हाला लिहिले. तुमचा उंबरठा माझ्या उंबरठ्यापासून हाकेच्याही अलीकडे. तरी मी तुम्हाला नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह पत्रे पाठवली. पोस्टमन माझ्या दारावरून पत्र न देता पुढे जाई आणि तुमच्या दारात सही घेई. एकदा तुम्ही ओट्यावरून मोठ्याने म्हणालात, "दफासाब, त्या पोस्टमनच्या पायाला फोड येऊन राहिलेत. भिंतीवरून हाक मारा की. मी सही करतो, कुठं म्हणाल तिथं!" गल्ली हसली. मी आत गेलो आणि दार लावून घेतले.

तुमच्या सगळ्या टोमण्यांत एक टोमणा कधी आला नाही. तो सहज मारता आला असता. भूकंपाच्या सकाळचा.

गणपती बुडवून आलेले लोक झोपेत होते आणि पहाटे जमीन हलली. किल्लारीकडच्या गावांवर काय कोसळले होते ते आपल्याला दुपारपर्यंत कळलेही नव्हते. आपल्या गल्लीत माणसे वाचली. भिंती मात्र उभ्या चिरल्या, आणि तुमच्या-माझ्या मधली दगडमातीची जुनी भिंत बसल्या जागी ढासळली. आपण सगळे समोरच्या मोकळ्या मैदानात. उन्हे चढली तशी माझी लेक माधुरी, तेव्हा शाळेतही न जाणारी, भुकेने रडू लागली. घरात तांदूळ होते, डाळ होती, पण त्या घरात पाऊल टाकायचे कोणी? अधूनमधून जमीन अजूनही थरथरत होती. मी बायकोला, सुमनला, सांगत होतो की अशा इमारतीत शिरणे हे बेजबाबदारपणाचे आहे, प्रशासनाची सूचना येईपर्यंत थांबले पाहिजे. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तुम्ही लुंगी खोचली आणि माझ्या घरात शिरलात. माझ्या घरात, तुमच्या नव्हे. बाहेर आलात तेव्हा एका हातात आमचे मोठे जर्मनचे पातेले होते आणि त्यात तांदळाचा डबा, मुगाच्या डाळीचा डबा, मिठाची बरणी. "वहिनी, हळद सापडली न्हाई," एवढेच म्हणालात.

ढासळलेल्या भिंतीतले तीन दगड तुम्ही मैदानात आणून मांडलेत आणि चूल केलीत. खैरुन्निसाभाभी आणि सुमन दोघी सांगत होत्या की आम्ही करतो, पण तुम्ही ऐकेनात. आमच्या पातेल्यात तुम्ही खिचडी टाकलीत आणि त्या दिवसापासून, लोक घरांत परतेपर्यंत, दिवस कलला की दोन्ही घरांचे जेवण त्या एकाच पातेल्यात शिजू लागले. त्या अश्विनात दुपारी ऊन भाजून काढी आणि संध्याकाळी अंगावर काटा यावा असा गारवा पडे. मुले पातेल्याभोवती कोंडाळे करून बसत. मी मध्येच झाकण उघडून पाहायला गेलो की तुम्ही हातावर पळी मारायचात. "राहू द्या, दफासाब. ती काय फाईल हाय सारखी उघडून बघायला?"

आणि दररोज तोच वाद. तुमचे म्हणणे, खिचडीबरोबर खट्टा पाहिजे. चिंचेचा कोळ, भाजलेले तीळ, कूट. माझे म्हणणे, खिचडीवर तूप आणि बाजूला ताक, याहून अधिक काही करणे म्हणजे खिचडीचा अपमान. मैदानात ना चिंच होती ना तूप. तरी आपण भांडत होतो, आणि भांडता भांडता दोघेही पातेल्याच्या तळाची खरवड पोरांच्या आधी ओढायला टपलेले असू. पुढे घराघरांत चुली पेटल्या आणि तो वाद तसाच राहिला. तो निकाली निघाला असे मी कधीच मान्य केले नाही, तुम्हीही नाही.

त्यानंतर माझी बदली नांदेडला झाली. घराला कुलूप लावून आम्ही गेलो. मधली भिंत पडलेलीच होती. माझ्या माघारी तुम्ही ती स्वतः उभारून घेतलीत, विटांची, सिमेंटची, आणि मला कळवलेत की तुमचे घर आता उघडे राहिले नाही, निर्धास्त असा. मी आभाराचे पत्र पाठवले. ते पत्र नंतर तुमच्या वकिलाने न्यायालयात दाखल केले, आणि खरे सांगायचे तर तो तुमच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा आहे.

परत आलो तेव्हा लातूर बदलू लागले होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले शिकायला येऊ लागली, आणि जिच्यात दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला बाजूला व्हावे लागते अशा आपल्या गल्लीतही खोल्यांवर खोल्या चढल्या. प्रत्येक मुलाला एक गादी, एक उशी लागतेच. तुमचे दुकान दोन गाळ्यांचे झाले. मी या बाजाराविरुद्ध पत्रे लिहीत होतो आणि माझ्या गच्चीवर मुलींसाठी तीन खोल्या बांधत होतो. तुम्ही तेही सोडले नाहीत. "दफासाब, पेपरात शिव्या आन् गच्चीवर खाटा! एक काहीतरी करा. आन् खाटा केल्याच हायेत तर गाद्या माझ्याकडून न्या."

त्या खोल्यांसाठी बाहेरून जिना हवा होता. जिन्यासाठी मी जागा मोजली आणि ती हातभर कमी भरली. तुमच्या भिंतीने माझ्या बाजूला हातभर सरकून घेतले होते, असे माझे म्हणणे. बारा वर्षे उलटली की हक्क जातो, एवढे मला ठाऊक होते. त्या मुदतीच्या आत मी दावा लावला.

न्यायालयाचे समन्स पोचले त्या दिवशी तुम्ही भिंतीपलीकडून विचारलेत, "हातभर जागा पाहिजे होती तर मागायची होती. कागद कशाला?"

मी म्हणालो, "मागितले म्हणजे ती तुमची आहे असे मान्य केल्यासारखे होते."

तुम्ही म्हणालात, "बरं. लढू मग."

आणि आपण लढलो. तारखांवर तारखा. भिंत पाडून मागण्यासाठी मी इतकी वर्षे झिजलो, आणि या वर्षांत त्या भिंतीवरून एकही भांडे इकडून तिकडे गेले नाही. पूर्वी सुमन आणि भाभी भिंतीवर भांडी ठेवून एकमेकींना हाक मारत. तुमच्याकडून शीरखुर्मा यायचा, आमच्याकडून करंज्या जायच्या, आणि आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून त्यात निदान साखरेचे चार दाणे तरी असायचे. दावा लागल्यावर मी सुमनला सांगितले की विरुद्ध पक्षाशी देवाणघेवाण नको, उद्या त्याचा पुरावा होतो. ती म्हणाली, "शीरखुरम्याचा पुरावा?" मी म्हणालो, कशाचाही होतो.

उलटतपासाच्या दिवशी माझ्या वकिलांनी तुम्हाला विचारले की भूकंपापूर्वीची जुनी भिंत नेमकी कुठे होती. तुम्ही पिंजऱ्यात उभे, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. माझ्याकडे पाहून म्हणालात, "ते दफासाबला इचारा, साहेब. त्या भिंतीच्या दगडांवर आम्ही खिचडी शिजवली. आर्धी भिंत यांच्या पोटात हाय." न्यायाधीशांनी मान खाली घातली ती हसू लपवण्यासाठी. मी वकिलांना चिठ्ठी पाठवली: उत्तर असंबद्ध आहे, नोंद घ्यावी. बाहेर टपरीवर तुम्ही मला गाठलेत. "चला, चहा घेऊ. चहावर तर स्टे न्हाई ना?" मी घेतला नाही. प्रतिवादीकडून चहा घेणे प्रशस्त नाही, असे काहीसे म्हणालो. तुमच्या हातात दोन पेले होते. दोन्ही तुम्हीच प्यायलात, माझ्याकडे पाहत, सावकाश.

आता शेवटचे बोलणे. हे लिहायचे टाळत मी दोन पाने पुढे आलो. गणपतीनंतरची गोष्ट. तुम्ही भिंतीपलीकडे उभे होतात, नुसते केस दिसत होते. "दफासाब, या तारखेला मी यायचा न्हाई. छातीत भरून येऊन राहिलंय."

मी म्हणालो, "वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा."

"बरं," तुम्ही म्हणालात. "जोडतो."

आपल्यातले शेवटचे शब्द हे आहेत. मी ते मागे घ्यायला तयार आहे. कुठे अर्ज करावा हे मला माहीत नाही.

दफनाच्या वेळी मी बाहेर पडलो. खांदा द्यायला गल्लीतले सगळे होते, पलीकडच्या घरातल्या कांताबाईंचा मुलगा होता, कोपऱ्यावरचा किराणावाला होता. मी मागून चालत गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि तिथे थांबलो, कारण पुढे रस्त्यावर कुणीतरी ओळखीचा वकील दिसला आणि तो काय म्हणेल असे वाटले. जनाजा वळला. मी परत आलो. सुमन नांदेडला, माधुरीच्या बाळंतपणासाठी गेलेली. दुपारी माधुरीचा फोन आला. रडत होती. "बाबा, तुम्ही गेला होतात ना?" मी म्हणालो, "गेलो होतो." गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो, तेव्हा विधान खोटे नव्हते. अशी विधाने मी आयुष्यभर इतरांच्या तोंडून पकडली आहेत.

मग संध्याकाळ झाली. खिडकीतून मला तुमचे दार दिसत होते. उदगीरहून तुमची शबाना तिच्या लेकरांना घेऊन आली होती, आणखी पाहुणे होते. लोक येत होते, बसत होते, उठत होते. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मला तिचा रागही आला: एकाही घरातून भांडे आत गेले नव्हते. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, तुमच्याकडेही नाही, आमच्याकडेही नाही. शेजाऱ्यांनी घास न्यायचा असतो. गल्लीचे माणूसपण संपले, असे एक पत्र माझ्या डोक्यात तयारही होऊ लागले. त्याचा पहिला परिच्छेद झाला होता, इतक्यात दारावर थाप पडली.

कांताबाई होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेले त्यांचे. दरडावणे अजून वर्गातलेच. "साहेब, तुमच्या घरून काय जाणार हाय का न्हाई?"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? माझं भात-आमटी कवाच होऊन बसलंय. किराणावाल्याच्या बायकोनं पिठलं केलंय. समदे थांबलेत. पयला घास भिंतीच्या घरचा असतो. तो गेल्याबिगर दुसऱ्यानं कसा न्यायचा? लेकरं सकाळधरनं च्यावर हायेत तिथं."

म्हणजे ती सगळी गल्ली माझ्यासाठी थांबली होती. तुमच्या घरात लेकरे उपाशी होती ती माझ्या मानाखातर. ज्या भिंतीसाठी मी तुम्हाला न्यायालयात उभे केले, त्याच भिंतीने मला हा मान दिला होता आणि मी खिडकीत उभा राहून इतरांविरुद्ध मनात पत्रे लिहीत होतो. कांताबाईंसमोर मला मान वर करता आली नाही. "आणतो," म्हणालो. "लगेच आणतो."

सुमन नसल्यापासून मला मेसचा डबा येतो. मी मेसवाल्याला फोन लावला की जास्तीचे डबे पाठव. मग काय वाटले कोणास ठाऊक, सुमनला विचारले.

"मेसचा डबा?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की फोन कानापासून दूर धरावा लागला. "मयताच्या घरी मेसचा डबा नेणार तुम्ही? ज्या माणसानं..." मग नाक पुसून म्हणाली, "खिचडी टाका. एका पातेल्यात होते. कुणालाही येते."

"मला येत नाही."

"माहितंय मला. मीठ कुठल्या डब्यात हाय ते तरी माहितंय का तुम्हाला? ऐका. माळ्यावरचं मोठं पातेलं काढा. भूकंपातलं."

मी स्टुलावर चढलो. पातेल्याला एका बाजूला पोचा होता. तो तुमच्या हातून चौकटीला आपटून पडलेला असावा, त्या सकाळी. मी ते घासले. सुमन फोनवर सांगत गेली आणि मी करत गेलो. तांदूळ आणि नव्या मुगाची डाळ धुऊन निथळत ठेवली. कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आले ते कांद्याचे होते की नव्हते हे कुणाला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी ते पुसलेही नाही. परडीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, या दिवसांत खेड्यातून कुणीतरी आणून देतो. त्या फोडून दाणे काढले. तेल तापले, जिरे तडतडले, लसूण टाकला, कांदा परतला, हळद, काळा मसाला, दाणे, मग डाळ-तांदूळ. "परता," सुमन म्हणाली, "दाणा दाणा सुटा होऊ द्या. आता आधणाचं पाणी. बोटाचं दोन पेर वर." कोणाच्या बोटाचे, हे मी विचारले. ती म्हणाली, "तुमच्या. आज तुम्ही करताय." मीठ सापडले. झाकण ठेवले. आच बारीक केली. एवढेच होते ते. इतके सोपे, एका पातेल्याचे, बुधवारच्या संध्याकाळचे जेवण. आणि मी सत्तरी ओलांडून, एवढ्या लोकांना धारेवर धरून, पहिल्यांदा केले.

झाकण उघडून पाहण्याचा मोह झाला. माझा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. हातावर पळी बसली नाही.

मी तसाच उभा राहिलो, इतका वेळ की खाली लागल्याचा वास घरभर झाला.

गरम पातेले दोन टॉवेलांत धरून मी रस्त्याला लागलो. शिकवणी सुटलेली मुले पाठीवर दप्तरे घेऊन गल्लीत घुसत होती. एका मुलीने, माझीच भाडेकरू, सायकल बाजूला घेऊन वाट दिली आणि कधी नव्हे ते मी तिला आवाजाबद्दल काही बोललो नाही. कांताबाई दारात झाकलेले भांडे घेऊन तयार उभ्या होत्या. तुमच्या उंबरठ्याशी मी पोचलो. दावा लागल्यापासून तो मी ओलांडलेला नव्हता. चपला काढताना पातेले डगमगले आणि अस्लमने पुढे होऊन एका बाजूने धरले. तुमचा मुलगा आता तुमच्यासारखाच दिसतो. कपाळही तसेच, रुंद.

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस पाळायच्या एकांतात, बसलेल्या. त्या समोर येणार नव्हत्या. पडद्यामागून त्यांचा आवाज आला, थकलेला, पण स्वच्छ. "दफासाब आले का? बसा म्हण त्यांना. कागद आणलाय का विचार, न्हाईतर आपल्या घरचा दे."

मला समजेना. "कशाला, भाभी?"

"नावं लिहून घ्या. हे सांगून गेलेत. म्हणले, मी गेलो की दफासाब येतील, वारसांची नावं मागतील. त्यांना फिरवू नका, एका झटक्यात सांगा. उशीर झाला तर त्यांची केस जाती." मग त्या सांगू लागल्या, "लिहा. मी एक. मग अस्लम. मग शबाना, उदगीरला दिलेली. धाकटी हैदराबादला, तिचं सासरचं नाव..."

पातेले माझ्या हातात पोळत होते. रज्जाकभाई, तुम्ही मला ओळखत होता. माझ्या मनात कोणता विचार पहिला येईल हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होते, आणि ते माहीत असून तुम्ही माझी सोय करून गेलात. राग धरून गेला असतात तर मी तो वाहिला असता. थट्टा केली असतीत तर तीही. पण तुम्ही माझी मुदत चुकू नये म्हणून घरच्यांना बजावून गेलात, आणि याला कुठल्याही कायद्यात उत्तर नाही.

मी म्हणालो, "भाभी, खिचडी आणली आहे."

अस्लमने झाकण सरकवून पाहिले.

"खाली लागली आहे," मी म्हणालो. "मीठही बहुतेक कमी आहे."

"खट्टा?" पडद्यामागून आवाज आला.

"खट्टा नाही."

आत कुणीतरी हसले. शबाना असेल. मग ते हसू तुटले आणि बायकांचे रडणे ऐकू आले. अस्लमने पातेले सतरंजीवर टेकवले. पहिला घास नेणाऱ्याने भरवायचा असतो. मी खाली बसलो, वाफेत हात घातला, आणि अस्लमच्या तोंडापुढे घास धरला. त्याने तो घेतला, चावला. "करपलीय, चाचा."

"हो."

"अब्बा असते तर तळाची आधी ओढली असती." त्याने बोटाने कडेची खरवड सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली.

नावे मी लिहून घेतली नाहीत. ती मला पाठ आहेत; तुमची तिन्ही मुले त्या पातेल्यातून जेवून मोठी झाली. शबानाच्या लेकरांनी खाल्ले, मग कांताबाईंचे भांडे आले, मग पिठले, मग गल्ली एकामागून एक आत आली आणि मला तिथून उठावेसे वाटेना.

आता कामकाजाचे. दावा मागे घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो आणि अर्जात कारण नमूद करावे लागते. मी त्या रात्रीपासून कारण लिहितो आहे आणि फाडतो आहे. लज्जा हे कारण न्यायालयात चालत नाही. तेव्हा मी काहीच लिहिणार नाही. नव्वद दिवस जातील. भाभी इद्दतीतून उठायच्या आत जातील. संपलेला दावा पुन्हा उभा करण्यासाठी त्यानंतरही साठ दिवस मिळतात, हे मला माहीत आहे आणि हे माहीत असल्याचीही मला लाज वाटते. तेही जातील. मुदतीचे कागद मी उभ्या नोकरीत एकदाही उशिरा दाखल केले नाहीत. हे एक प्रकरण मी उशीर करून घालवणार आहे, आणि तुमचे माझ्याकडे जे काही आहे त्यातले एवढेच मला फेडता येते. जिना होणार नाही. मुली घरातूनच वर जातील, माझ्या आरामखुर्चीसमोरून, आवाज करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आलो तेव्हा पातेले भिंतीवर होते. भाभींनी त्यांच्या बाजूने ठेवले असावे. हाक मारली नव्हती. घासून लख्ख केलेले, तळाचे काळे अजून थोडे राहिलेले. आत काही नव्हते. मयताच्या घरून भांडे रिकामेच परत येते, ही रीत मला माहीत आहे. तरी मी हात घालून पाहिले.

ते मी उचललेले नाही. अजून तिथेच आहे, पोचा आलेली बाजू तुमच्याकडे. भिंतीच्या नेमक्या कोणत्या भागावर ते टेकले आहे, किती इकडे आणि किती तिकडे, हे मी मोजलेले नाही.